अनामत आप्पा

दिवाळी सरली की वस्ती रिकामी व्हायची आणि आप्पांचं घर भरायचं. खर्ड्याच्या अलीकडची ती वस्ती. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांचे ट्रक हलले की मागे म्हातारीकोतारी, शाळेची थोडी पोरं आणि मी, एवढेच उरायचो. मी तिथल्या उपकेंद्राची सिस्टर. आप्पांच्या घराला लागून असलेल्या खोलीत भाड्यानं राहायचे, त्यामुळे हा सोहळा मला दरवर्षी दारात उभं राहून बघायला मिळायचा.

आधी किल्ल्या यायच्या. मग पाय बांधलेल्या कोंबड्या, एखादी गाभण शेळी, गोधडीत गुंडाळलेला टीव्ही आणि तेलाच्या डब्यांत लावलेल्या तुळशी. तुळस काही ट्रकमधून नेता येत नाही आणि दारात वाळू द्यायलाही कुणाचं मन धजत नाही, म्हणून ज्याची त्याची तुळस आप्पांच्या ओट्यावर. जिजी, म्हणजे आप्पांची बायको, रोज सकाळी त्या रांगेला पाणी घालताना कुरकुरायच्या, "समद्या गावाचं पुन्य माझ्याच कंबरंवर." पण एकही डबा कोरडा राहू द्यायच्या नाहीत.

आप्पांचं खरं नाव भानुदास. गाव मात्र त्यांना अनामत आप्पा म्हणायचं आणि ते त्यांना मनातून आवडायचं. उंच, काटकुळे, धोतराचा सोगा कायम हातात, कारण कुणाची ठेवलेली वस्तू हातात घ्यायची तर आधी हात सोग्याला पुसायचे. वस्तू ठेवणाऱ्याला ते एवढंच म्हणायचे, "ठिव. आन् जाताना मागं बघू नको." स्वतःचा चष्मा त्यांना जन्मात वेळेवर सापडला नाही. जिजी तो कधी चुलीजवळून, कधी कडब्याच्या पेंढीतून काढून द्यायच्या. पण किल्ल्यांच्या जुडग्यातली कुठली किल्ली कुणाची, हे डोळे मिटून सांगायचे.

त्यांच्या या व्रताचा कधीकधी कहर व्हायचा. एका म्हातारीनं एक कोंबडी ठेवली. कोंबडी अंडी घालायला लागली. आता पोटभर अंडी खावीत, दुसरं काय? आप्पा म्हणाले, कोंबडी त्यांची तर अंडी बी त्यांची. आणि दर वेळी ती अंडी त्यांनी उबवायला बसवली. म्हातारी उन्हाळ्यात परत आली तेव्हा आप्पा तिच्या दारात अख्खं लटांबर हाकत घेऊन गेले. म्हातारी म्हणाली, "आप्पा, मी येक दिल्ती, ह्यांना दानं कुठनं घालू?" त्यावर आप्पा बिचारे दोन्ही हात पुसत उभे राहिले.

आणि एकदा अवकाळी वाऱ्यात कुणाच्या तरी घराचा पत्रा उचकटला. किल्ली आप्पांच्या खिशात. कुणीही कुलूप काढून आतलं धान्य हलवलं असतं. आप्पा छपरावर चढले आणि पत्र्यावर पालथे पडून राहिले. मी खालून ओरडत होते, "आप्पा, किल्ली आहे ना, दार उघडा!" वरून उत्तर आलं, "किल्ली जपायला दिलीया, उघडायला न्हाई." नंतर त्यांचा ताप मीच उतरवला, आणि शिव्याही मीच दिल्या. हा माणूस चांगला आहे हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. चांगला माणूस किती हट्टी असतो, हे कळायला जरा वेळ लागला.

त्या वर्षी सुमननं त्यांच्याकडे कुत्रं ठेवलं.

सुमन आणि तिचा नवरा लक्ष्मण दोघं कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जायचे. पोरबाळ नव्हतं. होता तो गुंड्या. तांबूस, बुटका, पोटानं गोल, भुंकला तर कुणी घाबरू नये असा. एरवी ती त्याला बरोबर न्यायची. पण आदल्या साली कारखान्यापाशी, त्यांच्या कोपीसमोर, म्हणजे पाचटाच्या झोपडीसमोर, दुसऱ्या कुणाचं तरी कुत्रं उसाच्या ट्रॉलीखाली गेलेलं तिनं पाहिलं होतं. तेव्हापासून तिनं धसका घेतला होता. "आप्पा, आतापतूर किल्ली ठिवली. औंदा जीव ठिवते," ती म्हणाली. आप्पांनी हात पुसले आणि गुंड्याला उचलून घेतलं.

ट्रक निघाला तसा गुंड्या मागे धावत सुटला. पार डांबरी रस्त्याला लागला. आप्पांनी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून त्याला गाठलं, मांडीवर घेऊन आणलं आणि अंगणातल्या कडुलिंबाला साखळीनं बांधलं. तिथवर सगळं बरोबर होतं. पुढे गुंड्या रुळला, शेपूट हलवायला लागला, जिजी म्हणाल्या, "अवं, सोडा की आता." आप्पा म्हणाले, "आन् गेलं म्हंजी? सुमनला काय तोंड दावू?" साखळी तशीच राहिली.

आप्पांचं स्वतःचंही कुत्रं होतं. सरदार. काळं, थोराड, आप्पांच्या पायाशी वाढलेलं आणि कायम मोकळं. आता या दोघांना खायला घालायची आप्पांची रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथंच बिघडलं. पाहुणा आधी, घरचा मागून, हा त्यांच्या घरचा कायदा. मग पाहुणा दोन पायांचा असो की चार. गुंड्याला ते आधी घालायचे, आणि ताजी भाकरी दुधात कुस्करून, गोंजारत. सरदार समोर बसून बघायचा. गुंड्याचं उरकलं की सरदारला कालची कोरडी भाकरी. सरदार गुरगुरायला लागला तेव्हा मीही म्हटलं, "आप्पा, त्याला राग येतो." आप्पा हसले. "त्यो घरचा हाय, सिस्टर. त्याला कळतंय."

एके दिवशी सकाळी मी उपकेंद्रात जायला निघाले होते आणि अंगणात एकच आकांत झाला. सरदार गुंड्यावर तुटून पडला होता. गुंड्यानं पळायचं बघितलं, पण साखळीची लांबी संपली की तो हिसक्यानं मागे येई आणि सरदार पुन्हा धरी. फिरून फिरून साखळी लिंबाला गुंडाळली आणि गुंड्या झाडाला चिकटल्यासारखा झाला. मोकळा असता तर तो पळाला असता, कुठंतरी घुसला असता. जिजींनी बादलीभर पाणी फेकलं. आप्पांनी दोन जबड्यांच्या मधे सरळ हात घातला. सरदार बाजूला झाला तेव्हा गुंड्याचा एक कान लोंबत होता, मानेचं कातडं उसवलं होतं आणि पुढचा पाय भलतीकडेच वळला होता. आप्पांच्या हातातून रक्त गळत होतं आणि ते साखळी सोडवायच्या खटपटीत होते. रक्तानं निसरडी झालेली कडी त्यांना सुटेना.

कुणीतरी म्हणालं, हळद भरा. कुणी म्हणालं, मिरचीपूड भरा, विष उतरतं. मी दोघांनाही हाकललं. आप्पांचा हात साबणाच्या पाण्यानं धू धू धुतला आणि त्यांना जामखेडच्या दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला पाठवायला लागले, तर ते जागचे हलेनात. "आधी ह्याचं बघा." शेवटी जनावरांचे डॉक्टर आले. ओट्यावर, तुळशींच्या रांगेसमोर, त्यांनी गुंड्याला टाके घातले, पायाला पट्ट्या बांधल्या, दोन्ही कुत्र्यांना सुया टोचल्या आणि सरदारवर लक्ष ठेवायला सांगितलं. जाताना म्हणाले, "जगेल असं सांगत नाही. माश्या बसू देऊ नका, अळ्या पडल्या तर संपलं." मग कुठं आप्पा जामखेडला गेले.

त्यानंतर आप्पांनी जे केलं ते मी माणसांच्या दवाखान्यातही क्वचितच पाहिलंय. शेताकडे ते फिरकलेच नाहीत. लुगड्याच्या चिंध्या उकळून वाळत घालायचे आणि त्यांना कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. माझ्याकडून जखम धुवायची कशी ते शिकून घेतलं आणि मग मलाच म्हणायला लागले, "सिस्टर, जरा हळू." दिवसभर गुंड्याशेजारी बसून लिंबाच्या डहाळीनं माश्या वारायचे. त्याला बाहेर न्यायचं तर दोन्ही हातांवर आडवा घेऊन, एका हाताला स्वतःचीच पट्टी बांधलेली. ज्वारीच्या कण्या पातळ शिजवून चमच्यानं त्याच्या गालात सोडायचे. गुंड्या टाके ओरबाडायला लागला तेव्हा प्लास्टिकचा तेलाचा डबा कापून त्याच्या गळ्यात घातला. त्या अवतारात तो देवळावरच्या कर्ण्यासारखा दिसायचा. मी हसले. जिजी हसल्या. आप्पा हसले नाहीत.

त्यांना लाज वाटत होती. इतकी, की ती नुसती बघून मला अवघडल्यासारखं व्हायचं. ओट्यावर बसणारा माणूस घरात बसायला लागला. रस्त्यानं कुणी हाक मारली तर जिजींना पुढे करायचे. सरदारला घरामागे बांधून टाकलं होतं, आणि त्याच्याकडे ते बघतही नव्हते. त्याला भाकरी जिजी टाकायच्या.

आणि सुमनचा फोन यायचा. उसाच्या फडातून, दमलेल्या आवाजात, पण पहिला प्रश्न ठरलेला. "आप्पा, गुंड्या कसा हाय?" आप्पा म्हणायचे, "बरा हाय." तेवढंच. फोन ठेवला की पुन्हा चिंध्या उकळायला घ्यायचे. मी म्हटलं, सांगून टाका. ते म्हणाले, "वाचू दे. मेला तर मेला म्हनून सांगंन, वाचला तर वाचला म्हनून. मधलं काय सांगू?"

एकदा ती म्हणाली, "त्याच्या कानाला लावा की फोन. आवाज तरी आयकू दे माझा." मी तिथंच पट्टी बदलत होते. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, आणि फोन गुंड्याच्या शाबूत कानाशी धरला. सुमननं हाक मारली. इतके दिवस मान न उचललेलं ते जनावर धडपडून उठायला गेलं, मोडक्या पायावर कोसळलं आणि केकाटलं. मानेचे टाके उसवले, माझ्या हातावर ऊन रक्त आलं. फोनमधून सुमन ओरडत होती, "काय झालं? आप्पा, काय झालं त्याला?"

आप्पांनी फोन स्वतःच्या कानाला लावला.  मग ते म्हणाले, "मोकाट कुत्रं आलं हुतं, पोरी. त्यानं फाडला. पर मी हाय. मी जगिवतो त्याला."

ती रडली. आणि रडता रडता म्हणाली, "तुमाला तर न्हाई ना लागलं, आप्पा?"

फोन बंद करून आप्पा भिंतीकडे तोंड करून बसले. जिजी दारात उभ्या होत्या. त्या आयुष्यभर नवऱ्यावर कुरकुरल्या असतील, पण त्या दिवशीचा आवाज वेगळा होता. "आता हे खोटं बी अनामत म्हनून जपा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

गंमत अशी, की ते खोटं सगळ्या वस्तीनं जपलं. मागे राहिलेल्या चार म्हाताऱ्यांनी सरदारचं नाव गिळून टाकलं. कुणी विचारलं की मोकाट कुत्रं. आप्पांवरच्या मायेपोटीच सारे बोलत होते, पण प्रत्येक वेळी आप्पांची मान थोडी आणखी खाली जायची. आणि मीही कुणाला खरं सांगितलं नाही.

मधे त्यांचा मुलगा धनंजय चाकणहून आला. कंपनीत नोकरी, सुटी मिळेल तेव्हा यायचा, बापाशी बेतानंच बोलायचा. जिजींनी त्याला सगळं सांगितलं. त्यानं घरामागे जाऊन सरदारच्या अंगावरून हात फिरवला आणि जेवायला बसला. त्या दिवशी मीही पंगतीला होते. आप्पांनी सवयीनं मला आधी वाढायला सांगितलं, मी भाडेकरू असले तरी परकीच ना. धनंजय ताटाकडे बघत म्हणाला, "आप्पा, ह्या घरात ल्हानपनी लोकांनी ठिवलेली पोरं जेवून उठली की मग मला मिळायचं. गरम भाकरी त्यांना. मला तुमी म्हनायचा, तू घरचा हायस, तुला कळतंय." तो हसला, पण कुणालाच हसू आलं नाही. "मला काय बी कळत नव्हतं. फकस्त मी चावलो न्हाई."

 आप्पांच्या हातातला घास तसाच राहिला. मुलाला असं बोलायला इतकी वर्षं लागली आणि निमित्त कुत्र्याचं झालं, याचंच मला त्या क्षणी वाईट वाटलं. सकाळी उठून बघते तर आप्पा घरामागे सरदारपुढे बसले होते. ताजी भाकरी, दुधात कुस्करलेली. "खा," ते म्हणत होते, "खा की." सरदार आधी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला, मग खायला लागला. धनंजय मोरीपाशी दात घासत ते बघत होता. तो त्या दिवशी जायचा होता, एक दिवस राहिला.

गुंड्या वाचला. एक कान अर्धा गेला, पुढचा पाय टेकवेना, साखळीचा आवाज आला की बाजेखाली शिरायचा. पण वाचला. उपकेंद्रात आलेल्या कुणा पोरीनं, गळ्यात डबा घातलेल्या गुंड्याला हातांवर घेऊन चाललेल्या आप्पांचा व्हिडिओ काढला आणि तो साऱ्या पंचक्रोशीतल्या मोबाईलवर फिरला. कारखान्यावर सुमननंही तो कोपीकोपीतून दाखवला. लोक मुद्दाम बघायला यायला लागले. "आप्पा, धन्य हाय तुमची!" म्हणायचे. आप्पा उठून घरात जायचे. लोक म्हणायचे, बघा, स्तुती आवडत नाही. शिव्या दिल्या असत्या तर आप्पा बसून ऐकत राहिले असते, असं मला वाटतं.

कारखाना बंद झाला, टोळ्या परतल्या. सुमन ट्रकमधून उतरली ती धावतच आली. गुंड्या तीन पायांवर उड्या घेत तिच्या अंगावर गेला. तिनं त्याचा अर्धा कान चाचपला, पाय चाचपला, आणि मग सरळ आप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं. आप्पा मागे सरकले. ती पुन्हा पुढे झाली. आप्पा भिंतीला टेकले. त्यांचं तोंड उघडलं होतं, मला वाटलं आता सांगतील. पण भोवती माणसं जमली होती, सगळी हसत, डोळे पुसत होती. "ऱ्हाऊ दे, पोरी, ऱ्हाऊ दे," एवढंच ते म्हणाले.

मग सरपंचांनी ठरवलं, महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत आप्पांचा सत्कार करायचा. भूतदयेबद्दल. ही कल्पना सुमनचीच होती. आप्पांनी तीनदा नाही म्हटलं आणि तीनही वेळा ते विनयात जमा झालं.

शाळेच्या पटांगणात मंडप घातला होता. झेंडावंदन झालं, पाण्याच्या टाकीवरून नेहमीची भांडणं झाली, आणि सरपंचांनी आप्पांना वर बोलावलं. शाल, नारळ, टोपी. आप्पांनी कधी नव्हे तो माईक मागून घेतला. हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "ह्यो सत्कार माझा न्हाई. गुंड्याला मोकाट कुत्र्यानं न्हाई फाडला. माझ्या सरदारनं फाडला. मीच त्याला बांधून ठिवला हुता, म्हनून त्याला पळता आलं न्हाई. सुमनची अनामत मी मोडली आन् वर तिला खोटं सांगितलं."

 मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. सरपंचांनी माईक हातात घेतला. "ह्याला म्हनत्यात मोठेपना! आपल्या कुत्र्याचा बी दोष लपिवला न्हाई!" आणखी टाळ्या. आप्पा माईकशिवाय ओरडत होते, "अरं, मोठेपना न्हाई, खरं सांगतुया!" कोण ऐकतंय? कुणीतरी त्यांच्या खांद्यावर घसरलेली शाल नीट केली.

बायकांच्या बाजूला सुमन टाळी वाजवत नव्हती. ती उठली. गुंड्याला उचलून कडेवर घेतलं आणि मंडपाबाहेर पडली.

आप्पा उतरले आणि तिच्या मागे निघाले. चपला मंडपातच राहिल्या. मे महिन्याचं ऊन, मातीला हात लागू नये असं. शाल खांद्यावर, नारळ हातात, आणि पुढे चालणाऱ्या पोरीला हाक मारायचंही धाडस नाही. मी त्यांच्या चपला घेऊन मागून गेले, पण जवळ जाववेना. सुमन एकदाही वळली नाही. फक्त गुंड्या तिच्या खांद्यावरून मागे बघत होता आणि आप्पा दिसले की शेपूट हलवत होता.

घराशी येऊन तिनं कुलूप काढलं, गुंड्याला खाली ठेवलं आणि आत गेली. दार तिनं लावलं नाही. पण "या" असंही म्हणाली नाही.

पुढच्याच आठवड्यात माझी बदली झाली. निघताना मी आप्पांच्या पाया पडले, ते काहीतरी बोललेही, पण ते आता आठवत नाही. आठवतात ते सुमनच्या अंगणात उभे असलेले आप्पा. भाजत्या पायांनी ते उघड्या दाराबाहेर उभे होते आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हते.